तीस नग आणि एक घडी

आमच्या ऑटोतले किस्से सांगायला घेणं म्हणजे देशमुख मॅडमचं कपाट उघडण्यासारखं आहे. एक ओढायला जावं तर सतरा अंगावर येतात, आणि मग दार काही केल्या लागत नाही! गेल्या पाडव्यापासून तर त्यात इतकी भर पडलीय की आता कुणाला तरी सांगून टाकल्याशिवाय जागा होणार नाही.

आधी माणसं सांगते. आम्ही चौघी परभणीहून पेडगावच्या मुलींच्या शाळेत रोज एकाच ऑटोनं जातो. मागच्या सीटवर तिघी: मराठी शिकवणाऱ्या देशमुख मॅडम, विज्ञानाच्या जाधव मॅडम, आणि गणिताची मी, उज्ज्वला. समोरच्या फळीवर पूजा, कारण ती सगळ्यात बारीक आणि सगळ्यात नवी. ऑटो चालवतात सलीमभाई. ते आरशातून सगळं बघतात, सगळं ऐकतात, आणि न विचारता मत देतात.

तर पाडव्यानंतरच्या पहिल्याच दिवशी पूजा फळीवरून म्हणाली, "मॅडम, मी कॅप्सूल वॉर्डरोब करायलेय."

म्हणजे काय, तर मोजकेच कपडे ठेवायचे. पण असे, की कुठलाही कुठल्याशीही जुळेल. आपल्या स्टाइलचे, टिकणारे. सारखी खरेदी नाही, कपड्यांचा ढीग नाही. "तीस कपडे लय झाले माणसाला," पूजा म्हणाली.

"तीस?" देशमुख मॅडम ओरडल्या. "बाई, तीस तर माझ्या नुसत्या हिरव्या हायेत!"

सलीमभाईंनी ब्रेक मारला. समोर म्हैस होती, पण त्या ब्रेकचं श्रेय आम्ही आजही मॅडमलाच देतो.

*

पेडगाव येईपर्यंत चौघींनी शपथ घेतली होती! पाडवा ते पाडवा, एक वर्ष. प्रत्येकीचे तीस नग. नवीन काही विकत घ्यायचं नाही. आणि शेवटचा नियम पूजाचा: वर्षभरात जे एकदाही अंगाला लागलं नाही, ते पाडव्याला घराबाहेर. द्यायचं कुणाला तरी, पण ठेवायचं नाही.

भांडण लागलं ते मोजणीवरून. साडी, परकर आणि ब्लाउज हा एक नग की तीन? पूजानं मोबाईलमध्ये शोधलं. तिथं जीन्स, जॅकेट आणि बूट यांचं सगळं व्यवस्थित दिलं होतं, परकराचं कुठंच काही नाही. शेवटी गणिताची बाई म्हणून निकाल माझ्याकडं आला. मी दिला: साडी हा एक नग, ब्लाउज वेगळा नग, परकर मोजायचा नाही.

"अन् गाऊन?" जाधव मॅडमनी विचारलं. त्या कमी बोलतात, पण मुद्द्याचं बोलतात.

"गाऊन कपड्यांत धरायचाच न्हाई," देशमुख मॅडम म्हणाल्या. "गाऊन म्हंजे घर हाय. घराबाहेर काढता का कुणाला?"

गाऊन वगळला.

मी घरी जाऊन कपाट उपसलं, आणि तिथंच माझं घोडं अडलं. सगळ्यात खाली, जुन्या चादरीत गुंडाळलेली एक साडी निघाली. नारायणपेठी, वाईन कलरची, पिवळ्या काठांची. पाच वर्षं झाली तिला, आणि तिची घडी अजून मोडलेली नव्हती.

घडी मोडायची म्हणजे नवी साडी पहिल्यांदा नेसायची. आमच्याकडं ती आपण नेसत नाही. जीव लावणारं कुणीतरी आधी एक दिवस नेसून परत देतं, मग ती आपली. माझ्या प्रत्येक साडीची घडी माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं मोडलेली. अक्का पोखर्णीला दिलेली, शेतातली बाई. एकदा माझी हिरवी साडी नेसून ती रानातून आडवाटेनं आली आणि बाभळीच्या काट्याला अडकून काठ फाटला. तिनं बारीक टाके घालून ठिगळ लावलं आणि साडी परत दिली. मी काही म्हटलं नाही. म्हणजे तेव्हा नाही म्हटलं! म्हटलं ते चार महिन्यांनी, चुलत भावाच्या लग्नात, रुखवताभोवती तीसचाळीस बायका बसलेल्या असताना: "अक्काच्या हातानं घडी मोडली की ठिगळ फुकट!"

सगळ्या हसल्या. अक्काही हसली. निघताना मात्र चप्पल घालता घालता म्हणाली, "उजे, इथून पुढं तुझ्या साडीची घडी मी मोडायची न्हाई."

वाईन कलरची साडी मी तिच्याच हातानं घडी मोडायची म्हणून घेऊन ठेवली होती. तेव्हापासून आम्ही बोलत होतो, भेटत होतो, दिवाळीला एकमेकींकडं जात होतो. पण ती साडी चादरीतून निघाली नाही. माझी जीभ पहिल्यापासून अशी आहे, मी काय करू? असं मी पाच वर्षं म्हणत राहिले. आता पूजाच्या नियमानं मला एका वर्षाची मुदत दिली: अक्कानं घडी मोडायची, नाहीतर साडी बाहेर.

दुसऱ्या दिवशी ऑटोत मी हे सगळं सांगितलं. "स्वतःच नेसून टाका की मॅडम," पूजा म्हणाली.

मी तिच्याकडं असं बघितलं की पोरीनं पेडगावपर्यंत मोबाईलमधून मान वर काढली नाही.

*

सगळ्यात जोशात निघाल्या देशमुख मॅडम! तीस नग म्हटल्यावर ब्लाउज कमी करावे लागणार, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. सात साड्यांची पिशवी घेऊन त्या मॅचिंग सेंटरमध्ये गेल्या. मी सोबत होते, म्हणून हा किस्सा साक्षीदाराचा आहे.

"या सातींवर जाईल असं एक ब्लाउजपीस द्या."

दुकानदारानं साती साड्या काउंटरवर पसरल्या. लाल, राणी, मोरपंखी, चिंतामणी, दोन हिरव्या आणि एक अशी, जिचा रंग देवालाच माहीत. त्यानं आधी साड्यांकडं बघितलं, मग मॅडमकडं.

"मॅडम, हे मॅचिंग सेंटर हाय," तो हात जोडून म्हणाला. "देवस्थान न्हाई."

तो आत गठ्ठे काढायला गेला. एवढ्यात खेड्यातून आलेल्या दोन बायका काउंटरला टेकल्या. त्यांना वाटलं, दुकानात नवा माल आलाय! एकीनं मोरपंखी साडी उलगडली. "ताई, याच्यात काठ जरा मोठे दाखवा की."

आता देशमुख मॅडमनी सांगायला नको का, की बाई, ही माझी साडी आहे? पण मराठी शिकवणारी बाई! त्यांच्यानं साडीचं वर्णन केल्याशिवाय राहवेना. "काठ बारीकच चांगले दिसतात तुमच्या उंचीला. अन् हा रंग उन्हात असा खुलतो म्हणता! माझ्या भाचीच्या लग्नात नेसले तर फोटोवाला माझ्याच मागं." दुकानदार गठ्ठा घेऊन बाहेर येईपर्यंत मोरपंखी आणि राणी दोन्ही साड्या त्या दोघींच्या पिशव्यांत गेल्या होत्या. पैसे मॅडमनी घेतले नाहीत. "आवडली ना? मग न्या!" असं म्हणून मोकळ्या झाल्या. त्या बायका आशीर्वाद देत गेल्या.

उरलेल्या पाच साड्यांवर सोनेरी बुट्ट्यांचं काळं ब्लाउजपीस चाललं. दुकानदारानं पुडी बांधता बांधता मला हळूच विचारलं, "या मॅडम रोज येतील का हो?"

*

मग पूजानं आम्हाला अभ्यास दिला. आपली स्टाइल काय, हे कळायला हवं. त्यासाठी आठवडाभर रोज आपला फोटो काढायचा आणि शनिवारी सगळे एकत्र बघायचे.

जाधव मॅडमचे सहा फोटो आम्ही एकामागून एक बघितले. बिस्किटी, मातकट, राखाडी, परत बिस्किटी. एका फोटोत त्या शाळेच्या भिंतीसमोर उभ्या होत्या आणि भिंतीला चष्मा लावल्यासारखं दिसत होतं.

"मॅडम, तुमची स्टाइल..." पूजा शब्द शोधायला लागली.

"मॅडम की स्टाइल मेरेकू मालूम हाय ना," सलीमभाई आरशातून म्हणाले. "दूर से दिखतेच नै! इस्कूल के गेट पे दो बार छोड के चला गया मैं. खडे थे, मेरेकू दिखेच नै."

खरं होतं ते! दोनदा बिचाऱ्या मागं राहिल्या होत्या आणि दोन्ही वेळा ऑटो अर्ध्या रस्त्यातून परत फिरवला होता. आम्हाला वाटायचं की त्याच उशिरा आल्या.

जाधव मॅडमनी ते मनावर घेतलं. सोमवारी आल्या त्या पोपटी रंगाची शाल खांद्यावर टाकून. नवी नव्हती, कुठल्याशा सत्कारात मिळालेली, सात वर्षं ट्रंकेत पडलेली. बिस्किटी साडी, पोपटी शाल. काय सांगू तुम्हाला! बाई दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. सलीमभाईंनी कोपऱ्यावरूनच तीनदा हॉर्न दिला. त्या शालीवर त्यांच्या सगळ्या मातकट साड्या जुळल्या. आमच्यात पहिल्यांदा खरंखुरं कॅप्सूल जमलं ते त्यांचं. एका नगात!

आता त्या गेटवर उभ्या असल्या की पेडगावचे लोक लांबून सांगतात, ऑटो अजून यायचाय.

*

तीस नगांचा एक तोटा असा की साड्या फिरून फिरून त्याच येतात. मी तर सोयीसाठी वारच लावून टाकले. सोमवारी निळी, मंगळवारी लिंबू कलर, बुधवारी जांभळी. सकाळी विचार करायचा नाही, हात घालायचा आणि नेसायची. काय हलकं वाटतं म्हणून सांगू!

एकदा मंगळवारी लिंबू कलरची वाळली नव्हती, म्हणून जांभळी नेसून गेले. सहावीच्या वर्गात शिरले आणि म्हटलं, भूमितीच्या वह्या काढा.

एकीनंही वही काढली नाही. सगळ्यांच्या पुढ्यात अंकगणित.

"आज मंगळवार आहे ना? भूमितीच्या वह्या कुठं आहेत?"

पहिल्या बाकावरची राधिका उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल खरीखुरी काळजी होती. "बाई, तुमी मघाशी ऑटोतून उतरल्या तवा आमी बघितलं. जांभळी हाय म्हणून पळत घरी जाऊन दप्तर बदलून आणलं."

अख्खा वर्ग! गाव शाळेला लागूनच, त्यामुळं धावत जाऊन आल्या होत्या. दोघी तर अजून धापा टाकत होत्या.

त्या दिवशी मी बुधवारचं शिकवलं. दुसरा इलाज काय होता?

*

दिवाळी जवळ आली तशी आमच्या शपथेला पहिली चीर पडली. देशमुख मॅडम कोरी करकरीत साडी नेसून ऑटोत चढल्या. फॉल-पिकोचा वास सुद्धा गेला नव्हता.

"मॅडम!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

"माझी न्हाई ही," मॅडम शांतपणे बसल्या. "भाचीची हाय. घडी मोडायला दिलीय."

आता यावर काय बोलणार? विकत घेतलेली नाही, कपाटात राहणार नाही, नग वाढत नाही. नियमात चोख बसत होतं. दुसऱ्या दिवशी नणंदेची. तिसऱ्या दिवशी शेजारणीची. मॅडम रोज नवी साडी नेसायला लागल्या आणि त्यांच्या तीस नगांना हातसुद्धा लागेना!

साथ लागायला वेळ लागला नाही. पूजा नवा कुर्ता घालून आली. "मैत्रिणीचा आहे. घडी मोडायलेय."

"कुर्त्याची कुठं घडी मोडत असतेत का?" जाधव मॅडम म्हणाल्या.

"घडी तर होती ना त्याला?"

त्याच आठवड्यात सलीमभाई कडक इस्त्रीचा नवा शर्ट घालून आले. आम्ही आरशात बघितलं. "साले का हाय," ते म्हणाले. "मै सिर्फ घडी मोड रा हूं."

गावात बातमी पसरली की देशमुख बाईंचा हात चांगला आहे. कुणीतरी सांगितलं, त्यांनी एकीची साडी नेसली आणि आठ दिवसांत तिच्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं. झालं! पेडगावच्या बायका नव्या साड्या घेऊन शाळेच्या फाटकाशी उभ्या राहायला लागल्या. मॅडमनी शेवटी वहीत नावं लिहून वार वाटून दिले. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "मॅडम, बाहेर रांग कशाची आहे?" तर म्हणाल्या, "सर, पालक भेटीला आलेत!"

याच भरात एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "तुमची ती वाईन कलरची आणा की उद्या. मी मोडते. हात चांगला हाय माझा, सगळं गाव म्हणतंय."

"त्या साडीचं नाव काढायचं नाही," मी म्हटलं.

मला वाटलं होतं तेवढं हळू ते निघालं नाही. मला स्वतःचाच राग आला होता, आणि तो त्या बिचाऱ्यांवर निघाला. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मग बहिणीला फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

*

लावला. स्पीकरवर. सलीमभाईंनी ऑटो बाजूला घेऊन बंद केला, आवाज नीट यावा म्हणून. चौघांचे कान माझ्या मोबाईलला चिकटले.

"अक्का, काय करायलीस?"

"कापूस वेचायलेय. तू?"

"शाळेत चाललेय. कापूस कसाय?"

"बराय."

"म्हैस?"

"बरीय."

"दाजींचा गुडघा?"

"बराय."

पूजा हातानं खुणा करत होती, साडी, साडी! मी मान हलवली आणि विचारलं, "अक्का, तुमच्याकडं थंडी पडली का?"

थंडीवर आम्ही पाच मिनिटं बोललो. मग तुरीवर, मग कुणाच्या तरी बारशावर. शेवटी अक्काच म्हणाली, "उजे, तुला काय सांगायचं व्हतं का?"

"न्हाई गं. असाच केला."

"बरं," अक्का म्हणाली. "मग ठेव. कापूस वाट बघायलाय."

फोन बंद झाला. सलीमभाईंनी ऑटो सुरू केला. गिअर टाकता टाकता म्हणाले, "मॅडम, म्हैस का पूछे, घुटने का पूछे, थंडी का पूछे. साडी का कायकू नै पूछे?"

मी मोबाईल पर्समध्ये टाकून चेन लावली.

*

पाडव्याला नऊ दिवस उरले होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि ऑटो घराकडं वळायच्या ऐवजी पोखर्णीच्या रस्त्याला लागला. मला कुणी विचारलं नव्हतं. तिघींनी आणि सलीमभाईंनी परस्पर ठरवलेलं. साडी मात्र माझ्या पिशवीत होती, कारण देशमुख मॅडमनी आदल्या दिवशी, "उद्या नुसती दाखवायला तरी आणा," असं म्हणून मला गंडवलं होतं.

नरसिंहाचं दर्शन घेतलं आणि अक्काच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. ती हरभरा काढून नुकतीच आली होती. इतकी माणसं बघून तिनं पदर सावरला आणि सरळ चुलीकडं गेली. बघता बघता धपाटे आणि दही समोर आलं. पूजाला तिनं चार वाढले. "खा बाई, किती बारीक हाईस!"

जेवता जेवता पूजानं तिला तीस नगांची गोष्ट सांगितली. अक्का लक्ष देऊन ऐकत होती.

"माझ्याकडं अकरा साड्या हायेत," ती म्हणाली. "गावाला जायच्या तीन, बाकी घरातल्या अन् रानातल्या. गावाची जुनी झाली की घरात. घरातली विटली की रानात. रानातली गोधडीत. मग मी तुमच्यात पास का नापास?"

"अक्का, तुम्ही तर मेरिटमध्ये!" पूजा ओरडली. तिनं तिथल्या तिथं हे सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

मी मात्र पिशवी मांडीवर धरून बसले होते. देशमुख मॅडम कोपरानं ढोसत होत्या. निघायची वेळ झाली, सलीमभाई उठले, तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "अक्का, ही साडी."

"कुणाची?"

"माझी."

"मग माझ्याकडं कशाला? माझ्या हातानं फाटती म्हणं."

सगळे उभे होते. मी पिशवी तशीच पुढं धरली. "अक्का, तवा माझी जीभ घसरली. लय चुकलं माझं. पाच वर्षं झाली, मला ती साडी नेसवंना अन् कुणाला द्यावंना."

अक्कानं हात पदराला पुसले. "चार बायांत बोलली व्हतीस," ती म्हणाली. "चार बायांतच कबूल केलंस. बरं केलंस." तिनं पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली. "ठेव. बघते."

बस, एवढंच! मोडते म्हणाली नाही, मोडत नाही म्हणाली नाही. परभणी येईपर्यंत आम्ही त्या 'बघते'चे अर्थ लावत होतो. देशमुख मॅडमनी आठ सांगितले.

पुढच्या शनिवारी सकाळी ऑटोत बसलो आणि देशमुख मॅडमचा मोबाईल वाजला. त्यांच्या पोखर्णीच्या पाहुणीनं देवळातून फोटो पाठवला होता. दर्शनाच्या रांगेत अक्का. डोक्यावरून पदर. वाईन कलर, पिवळे काठ!

आम्ही चौघी काय ओरडलो म्हणता! जाधव मॅडमची शाल उडून ऑटोबाहेर गेली. सलीमभाई शाळेपर्यंत हॉर्न वाजवतच गेले. सगळ्या गावाला वाटलं, कुणाची तरी वरात आली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पोखर्णीच्या एका शेजारणीबरोबर साडी माझ्या घरी आली. धुतलेली, गादीखाली दाबून घडी घातलेली. मी घाईघाईनं उलगडली. आणि पदरावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी, तळहाताएवढं लाल ठिगळ!

नव्या कोऱ्या साडीला! माझी जीभ वळवळायला लागली, हात मोबाईलकडं गेला. मग नजर टाक्यांवर पडली. बारीक, एकसारखे, कुठंही घाई नाही. मी मोबाईल ठेवला, कात्री घेतली, ठिगळाचा एक कोपरा उसवला आणि खाली बघितलं.

साडी शाबूत होती. एक धागासुद्धा निघाला नव्हता. ठिगळ नुसतं फुकटचं!

मी कात्री बाजूला ठेवली. मग सुईत लाल दोरा ओवला आणि उसवलेला कोपरा होता तसा परत शिवून टाकला.